पंधरा गाठींचं सिएटल

मुळशी तालुक्यात जमीन मोजणाऱ्यांची कमतरता नाही. सकाळी दहाला पौडच्या तहसील कचेरीसमोर उभं राहिलात तर हातात नकाशाची गुंडाळी घेतलेली पन्नास माणसं दिसतील, आणि त्यातल्या प्रत्येकाला आपल्या भावानं बांध सरकवल्याची खात्री असेल. पण अख्खी पृथ्वी मोजणारा माणूस आमच्याकडे एकच झाला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. जगातले कुठलेही दोन विमानतळ सांगा. त्यांच्यामध्ये किती अंतर आहे, विमान किती तासांत पोचतं, जाताना किती आणि येताना किती, हे आमचे व्याही तंबाखू मळता मळता सांगतात. विमानात बसलेल्यांना जे माहीत नसतं ते त्यांना माहीत असतं. आणि स्वतः ते विमानात एकदाही बसलेले नाहीत. विमानतळाच्या आत पाऊल टाकलेलं नाही. लोहगावला गेले होते ते भिंतीपर्यंत.

व्याही नांदे गावचे. पिढ्यान्‌पिढ्यांचे शेतकरी. हिंजवडी पसरत पसरत त्यांच्या बांधाला येऊन टेकली तेव्हा आजूबाजूच्यांनी जमिनी विकून गाड्या घेतल्या. यांनी निम्मी जमीन ठेवली, बाकीच्यात दुमजली चाळवजा इमारत बांधून कंपन्यांत कामाला येणाऱ्या पोरापोरींना खोल्या भाड्यानं दिल्या, आणि एका बंद पडलेल्या शाळेच्या सामानातून एक पृथ्वीचा गोल घरी आणला. गोलाला आफ्रिकेच्या जागी पोचा आहे. ऑस्ट्रेलियाचा रंग उडाल्यामुळे तिथं नुसता पत्रा चमकतो. हा गोल त्यांच्या ओसरीवर, जिथं लोक देवाच्या तसबिरी लावतात तिथं, कोनाड्यात ठेवलेला असतो. त्याच्याशेजारी खिळ्याला एक काळा दोरा लटकतो. लहान पोरांच्या कमरेला करगोटा बांधतात तो. साधा दोरा ताणला की वाढतो, सुतळी जाड पडते, करगोटा मात्र इमानदार असतो, असं त्यांचं मत आहे. त्या करगोट्याला दर दोन सेंटिमीटरवर एक गाठ. एक गाठ म्हणजे विमानाचा एक तास. गोलावर मुंबईला अंगठा ठेवायचा, दोरा ताणून दुसऱ्या गावावर आणायचा आणि मधल्या गाठी मोजायच्या. उडायला नि उतरायला अर्धी गाठ वर. एवढीच विद्या. पण मी कंपनीतल्या पोरांकडून फोनवर पाच-पन्नास वेळा ताडून पाहिलंय, आणि मला सांगायला अजिबात आवडत नाही, की माणूस दहा-पंधरा मिनिटांच्या वर कधी चुकलेला नाही.

आवडत नाही म्हणालो त्याला कारण आहे. माझा या माणसावर राग आहे आणि तो मी जपून ठेवलाय. मी पौडला फरशी, सिमेंट, नळ, असलं बांधकामाचं सामान विकतो. सुरुवात केली ती दुसऱ्याचा टेम्पो चालवून. जे काही उभं केलं ते भाव करून केलं. माझ्याशी भाव करताना भलेभले पाणी मागतात. तर माझ्या मुलीच्या लग्नाची बैठक ठरली तेव्हा मी आठ दिवस तयारी केली. लग्न कुठं, माणसं किती, मानपान काय, ते काय म्हणतील, मग मी कुठं ताणायचं आणि कुठं उठून उभं राहायचं, सगळं मनात मांडून गेलो. चाळीस माणसं बसलेली. मी पहिलाच आकडा टाकला, मुद्दाम अडवणुकीचा. व्याही म्हणाले, तुमी म्हणाल तसं. मी दुसरी अट घातली. तुमी म्हणाल तसं. तिसरी घातली, ती तर मलाच लाज वाटावी अशी होती. त्यालाही तेच. सात मिनिटांत बैठक संपली. पैलवानानं लांग बांधून आखाड्यात उतरावं आणि समोरच्यानं आपण होऊन पाठ टेकावी, तसं झालं. वर मलाच विचारतात, "पाव्हणं, लेक सिएटलला देताय. किती लांब हाय, ठावं हाय का?" मी म्हटलं, अमेरिकेत आहे. ते म्हणाले, अमेरिका लई मोठी हाय, तास सांगा. चाळीस माणसं माझ्याकडं बघत होती. मग त्यांनीच सांगितलं, सरळ गेलं तर पंधरा गाठी. आमच्या आत्याबाईंना वाटलं नवऱ्याकडची काही रीत आहे, त्या लग्नात नवऱ्याच्या उपरण्याच्या गाठी मोजत बसल्या.

नंतर मी घरी पंचांगामागचा जगाचा नकाशा काढला आणि पट्टी लावून त्यांना खोटं पाडायला नांद्याला गेलो. मुंबईहून अमेरिका म्हणजे डावीकडं, समुद्रावरून, हे शेंबड्या पोराला कळतं. ते म्हणाले, विमान वरून जातं, उत्तर ध्रुवाच्या अंगानं. मी म्हटलं, बर्फात काय काम आहे त्याचं? त्यांनी माझ्याच हातात दोरा दिला. मी पृथ्वीला तो जमेल तसा डावीकडून गुंडाळला, आणि गाठी पुरेनात. मग ध्रुवाच्या बाजूनं ताणला, तर पंधराव्या गाठीला सिएटल. व्याही म्हणाले, "सातबाऱ्यावरची जमीन निराळी आन् पायाखालची निराळी. कागूद सपाट असतोय पाव्हणं, जमीन नसती." जमिनीचे व्यवहार करून केस पांढरे झालेल्या माणसाला हे ऐकून घ्यावं लागलं.

असा मनुष्य रोजच्या जगण्यात किती छळत असेल बघा. हिंजवडीच्या चौकात गाडी अडकली की आपण शिव्या देतो. व्याही शांतपणे सांगतात, मुंबईहून निघालेलं इमान आत्ता मस्कतच्या किनाऱ्यावर आलं असंल. अर्ध्या तासानं, आता उतरलं. मग आपण अजून त्याच ट्रकच्या मागं आहोत याचं जास्तच वाईट वाटतं. त्यांच्या एका पुतण्याला सांगून आलेली मुलगी त्यांना पसंत पडली ती तिचा भाऊ ऑकलंडला असतो म्हणून, कारण ऑकलंडचा अनुभव त्यांच्याकडे नव्हता. खोल्या भाड्यानं देताना ते लग्न झालंय का, मांसाहार करता का, असलं काही विचारत नाहीत. अट एकच, विमानानं कुठं गेलात तर चाकं उचलल्याची आणि टेकल्याची वेळ फोनवर कळवायची. लातूरची एक मुलगी कंपनीच्या कामाला फ्रँकफुर्टला गेली. विमान तासभर आभाळात घिरट्या घालत राहिलं. ती उतरून फोन चालू करते तोच व्याह्यांचा फोन, "वरच फिरवत होते ना गं? मी म्हनलंच, आठाच्या पुढं कसं गेलं." ती पोरगी मला सांगत होती, घरून फोन आला नव्हता, यांचाच आला. आणि सांगताना तिचे डोळे भरले होते. मी विषय बदलला. मला माझा राग पातळ होऊ द्यायचा नव्हता.

तर आता त्या तिकिटाचं सांगतो.

माझ्या मुलीचं बाळंतपण जवळ आलं. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण तिला डॉक्टरनं विमानात बसायला मनाई केली, तेव्हा माहेरानंच उठून सिएटलला जायचं ठरलं. माहेर म्हणजे माझी बायको. तिनं पुण्याच्या पुढं एकटीनं कधी प्रवास केलेला नाही, आणि इंग्रजीत तिला फक्त सॉरी येतं. ती गेल्यावर दुकान कोण बघणार, म्हणून मी थांबणार. मूल आडवं असल्यामुळे शुक्रवारी सकाळी आठ वाजता ऑपरेशन करायचं तिथल्या डॉक्टरनं पक्कं केलं. मुलीनं फोनवर एकच सांगितलं, आत नेताना आई समोर पाहिजे. एरवी ती माझ्यासारखीच तापट आहे, रडणाऱ्यातली नाही. त्या दिवशी रडली.

तिकीट मी काढलं. एस्टी स्टँडजवळच्या तिकीटवाल्याला सलग दोन दिवस घाम फोडला, सामानाचं वजन वाढवून घेतलं, वर चहाही त्याच्याच पैशानं प्यालो. आणि बायकोची अट पाळली. पितृपंधरवड्यात ती उंबरा ओलांडणार नव्हती. बुधवारी सर्वपित्री अमावास्या, गुरुवारी घटस्थापना. म्हणून गुरुवारचं तिकीट, रात्री एक पंचवीसचं. सकाळी घट बसवायचे, दिवसभर बांधाबांध करायची, रात्री निघायचं. याहून चोख काम मी आयुष्यात केलेलं नव्हतं. ते तिकीट मी फक्त एका माणसाला दाखवलं नाही. व्याह्यांचे चार फोन आले, कुठून जातंय, मध्ये किती थांबतंय. मी सांगितलं, तुम्हाला काय करायचंय, पोचल्याशी कारण. माझ्या सौद्यावर त्यांनी दोरा ठेवलेला मला चालणार नव्हता.

बुधवारी दुपारी चारला व्याही डिंकाच्या लाडवांचा डबा घेऊन आमच्या दारात हजर. मी दुकानातून घरी आलो होतो, त्यांना पाहून तिकीट आधी खिशात घातलं. बायकोनं मात्र कौतुकानं सगळं सांगितलं. उद्या रात्री निघते, मध्ये दोहाला तीन तास थांबायचं, आणि ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळीच लेकीजवळ. व्याह्यांचा चहाचा कप हातातच राहिला. त्यांनी खिशातून करगोटा काढला. दोहापर्यंत साडेतीन गाठी, तीन तास मुक्काम, पुढं पंधरा. ओठ हलत होते. पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग म्हणाले, "इहीणबाई, न्हाई जमत. उद्या रात्री निघालात तर तितं शुक्रवारचे साडेधा वाजत्यात. आन् पोरगं माझं म्हनतंय, आई गुरुवारी उतरती. हितं एक दिवस कमी भरतोय."

मी म्हटलं, तुमचा दोरा आटला असेल. ते म्हणाले, मोजणीत गुंठा कमी आला तर दोरा आटत न्हाई, कुणीतरी बांध सरकवल्याला असतोय, तिकीट दावा. मी म्हटलं, नाही दाखवत, माझं आहे. माझा आवाज चढला, शेजारचे बाहेर आले. ते जागचे हलले नाहीत, आवाजही चढवला नाही. माणूस भाव करत नाही हीच तर माझी तक्रार आहे. शेवटी मी तिकीट त्यांच्यासमोर भिरकावलं. त्यांनी ते उचललं, चष्मा लावला, आणि कागद हळूच माझ्या बायकोच्या हातात दिला.

"इमानवाल्यांचा वार रात्री बाराला बदलतोय," ते म्हणाले. "आपला सूर्य उगवल्यावर. आपली आज रात्र, ती त्यांची गुरुवार पहाट. इमान आज हाय."

मी तीस वर्षं सौदे केले. तारखेशिवाय एक कागद हातात घेतला नाही. आणि मी, बायको, तिकीटवाला, कुणीही एकदाही हे मनात आणलं नव्हतं. आमच्याकडे रात्री दीड म्हणजे त्याच दिवसाची रात्र. कोंबडा आरवेपर्यंत वार बदलत नाही, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही, ते अंगातच आहे.

घड्याळात पावणेपाच. बायको खाली बसली. एक पिशवी भरलेली, दुसरी रिकामी. मी व्याह्यांना विचारलं, आता निघालो तर पोचतो का? आणि तेव्हा त्या माणसाचा चेहरा मी पहिल्यांदा गोंधळलेला पाहिला. पौड ते मुंबई किती वेळ लागतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. "ते रस्त्यानं हाय," ते म्हणाले. "रस्त्याचं मला न्हाई कळत." सिएटल, ऑकलंड, फ्रँकफुर्ट मिनिटावर सांगणारा माणूस, आणि घरापासून मुंबई माहीत नाही. पण मला माहीत होतं. मी अकरा वर्षं टेम्पो हाकलाय. मी म्हटलं, हिंजवडीचं नाव काढायचं नाही, कोळवणवरून जवण, तिकोना पेठ, कामशेतला बाहेर पडू. दहाच्या आत विमानतळ. तुम्ही वरचं बघा, मी खालचं बघतो. त्या दिवसापासून आमच्यात कामाची ही वाटणी पडलीये.

पण बायको उठेना. आज सर्वपित्री, आज मी पाय बाहेर टाकणार नाही, आणि तेही बाळंतिणीकडं जायला. मी तिच्याशी भाव करायला लागलो, ओरडलो, हात जोडले, काही उपयोग नाही. व्याह्यांनी पंचांग मागितलं. अमावास्या रात्री सव्वाबाराला सुटते, हे बोटानं दाखवलं. मग अगदी समजावणीच्या सुरात म्हणाले, इहीणबाई, हितून मुंबई हा प्रवासच न्हाई. चाकं उचलली की प्रवास चालू. ती दीडला उचलत्यात. तवर प्रतिपदा लागून तास झालेला असंल. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली, जणू शास्त्रात हे लिहिलेलंच आहे. ती उठली. लाडवांचा डबा तिनं आधी पिशवीत टाकला, मग लुगडी.

ती गाडी मी कशी चालवली ते सांगत नाही, माझ्या मुलीला हे वाचायला मिळणार आहे. मागच्या सीटवर व्याही एका नव्या करगोट्याला गाठी मारत होते. साडेतीन गाठी, मग बोटभर कोरा दोरा, मग पंधरा. खोपोलीचा घाट उतरता उतरता त्यांनी तो बायकोच्या हातात ठेवला आणि सांगितलं, घड्याळ दर तासाला बघायचं आणि एक गाठ सोडायची. कोरा दोरा आला की दोहा, उतरायचं, कुणालाही तिकीट दाखवायचं. मग पुन्हा गाठी. समोरच्या पडद्यावर काय लिहिलंय ते बघू नका, शेजारचा काय म्हणतोय ते ऐकू नका. "गाठी सपल्या की लेक," ते म्हणाले. माझी बायको, जी पौडच्या बाजारात हरवते, ती एवढंच ऐकून शांत झाली. सव्वानऊला आम्ही तिला दारातून आत सोडलं. तिनं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मुठीत दोरा धरून चालत गेली.

विमान उडेपर्यंत बाहेरच थांबून पहाटे परत आलो. मी त्यांना नांद्याला सोडतो म्हटलं तर नको म्हणाले, आणि दुकानात फरशीच्या खोक्यांवर बसून राहिले. बायकोनं निघताना बजावल्याप्रमाणे मी वेडेवाकडे घट बसवले. नाष्ट्याला बोलावलं, आले नाहीत. मला वाटलं नवरात्राचा उपास असेल, म्हणून शेजारून साबुदाण्याची खिचडी मागवली. तिलाही हात लावला नाही. दुपार गेली. पाणी तेवढं पीत होते. संध्याकाळी दिवेलागणीला मी चिडलो. म्हटलं, माझ्या दुकानात उपाशी मरू नका, लोक काय म्हणतील? ते म्हणाले, अजून पाच तास. आपलं माणूस वर असलं की माझ्या गळ्याखाली घास उतरत न्हाई.

मग थोड्या वेळानं, मी विचारलेलं नसताना, ते बोलायला लागले. त्यांची बायको पोरांच्या लग्नाच्या दोन वर्षं आधीच गेली, एवढं मला माहीत होतं. सकाळी दहाच्या सुमाराला गेली. मुलाला सिएटलला फोन केला, तो तसाच निघाला. भावकी जमली. सगळ्यांनी विचारलं, पोरगा कधी येणार? कुणी म्हणालं दोन दिवस, कुणी म्हणालं अमेरिका म्हणजे तीन दिवस तरी, मयत एवढा वेळ ठेवता येत नाही. पाचला उरकलं. मुलगा दुसऱ्या दिवशी चारला दारात उभा.

"एक रात," व्याही म्हणाले. "बर्फावर एक रात ठेवली असती, तर त्यानं आई बघितली असती. मला कुणी तास सांगितले न्हाईत, पाव्हणं. त्या ओसरीवर शंभर मानूस होतं, एकालाबी ठावं नव्हतं."

मी गल्ल्याच्या मागं उभा होतो. तिथून बाहेर आलो आणि त्यांच्याशेजारी खोक्यावर बसलो.

रात्री बाराला पाच कमी असताना फोन वाजला. बायकोचा आवाज इतका मोठा होता, की सिएटलहून विनाफोन ऐकू यावा. लेक समोर उभी होती, गाठी बरोबर पुरल्या होत्या, आणि दोहाला एका केरळच्या नर्सनं तिला हाताला धरून दुसऱ्या विमानापर्यंत नेलं होतं. व्याह्यांनी खिचडी मागितली. गारढोण, चिकट झालेली ती खिचडी त्यांनी ताटली पुसून खाल्ली. दुसऱ्या दिवशी रात्री, त्यांच्या सकाळी, आम्हाला नात झाली. आत नेताना आई समोर होती.

नात आता भिंतीला धरून उभी राहते. मुलगा बापाला किती वेळा बोलावतो, तिकीट पाठवतो म्हणतो. हे नाही म्हणतात. मी त्यांच्याशी भाव करायचा पुन्हा एकदा प्रयत्न केला, सगळी ताकद लावून. या खेपेला त्यांनी तुमी म्हणाल तसं म्हटलं नाही. म्हणाले, मी वर गेलो तर हितं तास मोजाया कोण बसंल? मी म्हटलं, मी बसतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, बांधावरच्या दगडाकडे बघावं तसं, हा हलेल की नाही. अजून हो म्हणालेले नाहीत. पण परवा दुकानात आले होते, नळाची तोटी घ्यायला. जाता जाता, तोटीकडं बघतच, त्यांनी मला विचारलं, की बावीस तास उपाशी राहायला जमेल का तुम्हाला.